अख्खं घर जागचं हलवता येतं का? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२२ च्या उन्हाळ्यात, पुराच्या त्रासामुळं, शाहूपुरीच्या सखल भागातलं माझ्या मामाचं घर पायापासून सोडवून साडेचार फूट वर उचललं. बघायला रोज गल्ली लोटायची. माझं काम बांधकामाच्या साइटवर देखरेखीचं, त्यामुळं तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे विचारत असतात. घर उचलता येतं तर सरकवता येईल का? रस्ता रुंदीकरणात वाडा जाणार आहे, तो मागं घेता येईल का? हे सगळं नवीन आहे की पूर्वीपासून चालत आलंय? तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

इमारत हलवणं म्हणजे नेमकं काय?

लोक तीन वेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द वापरतात. एक, घर जागच्या जागी वर उचलणं. दोन, उचललेलं घर रुळांवर, रोलरवर किंवा चाकांवर घेऊन दुसऱ्या जागी नेणं. तीन, इमारत उकलून, दगड-लाकडांवर आकडे टाकून दुसरीकडं पुन्हा उभी करणं. इजिप्तमधलं अबू सिंबेलचं देऊळ १९६४ ते १९६८ मध्ये धरणाच्या पाण्यातून वाचवलं ते तिसऱ्या प्रकारानं, कापून. खाली मी मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांबद्दल लिहितोय. जुन्या वाड्यांची गोष्ट निघेल तेव्हा तिसरा प्रकार आपोआप येईल.

पण एवढं वजन उचलतं कोण? घर तुटत कसं नाही?

आधी वजनाचा अंदाज घेऊ. नऊ इंची विटांची, दहा फूट उंच भिंत धरा. तिच्या एका फूट लांबीचं वजन साधारण ४०० किलो भरतं. पाच इंची स्लॅब चौरस फुटाला २९ किलोच्या आसपास. म्हणजे हजार चौरस फुटांच्या साध्या एकमजली घराचा नुसता स्लॅब २९ टन, आणि भिंती धरल्या की आकडा सहज शंभर टनांवर जातो. ऐकायला फार वाटतं, पण दीडशे जॅकवर वाटलं तर एका जॅकच्या वाट्याला टनभरसुद्धा येत नाही. वजन ही खरी अडचण नाहीच.

खरी अडचण आहे ती सगळं एकदम आणि सारखं उचलण्याची. विटांची भिंत दाबाला दणकट आणि ताणाला कच्ची. एक कोपरा दोन सूत जास्त वर गेला की भेग पडलीच. म्हणून कुठलाही जाणता कारागीर आधी घराखाली लोखंडी चौकट बांधतो. भिंतीच्या बुडाशी थोडी थोडी जागा फोडायची, एकाआड एक टप्पा घ्यायचा, त्यात चॅनेल, म्हणजे लोखंडी तुळया, सरकवायचे, ते एकमेकांना जोडायचे. सगळ्या भिंती अशा चौकटीवर आल्या की मगच घर पायापासून सुटं करायचं. आरसीसी कॉलमचं घर असेल तर प्रत्येक कॉलमला पट्टा आवळून किंवा काँक्रीटची गळपट्टी करून भार चौकटीवर घ्यायचा आणि कॉलम खालून कापायचा.

रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये १९८० च्या दशकात अख्खी चर्चं सरकवणारे इंजिनिअर युजेनियू योर्डाकेस्कू सांगायचे की त्यांना ही युक्ती वेटरकडं बघून सुचली. भरलेले ग्लास घेऊन तो गर्दीतून जातो आणि थेंब सांडत नाही, कारण ग्लास एकेक करून धरलेले नसतात, खाली तबक असतं. आपल्याकडं हे समजवायला लांब जायला नको. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या काठोकाठ वाट्या ताटात घेऊन येणारा पोऱ्या बघा. वाट्या हातात धरून आणल्या तर चार पावलांत सांडतील. घराचं तेच. जॅक चौकटीला उचलतात आणि चौकट घराला.

मामाच्या घराला प्रत्यक्ष कसं उचललं?

कामाला हरियाणातली टोळी होती. तिथल्या लोकांनी हे कसब देशभर नेलंय. साध्या आट्याच्या जॅकवर काम. प्रत्येक गड्याकडं दहा-बारा जॅक. मुकादम शिट्टी वाजवायचा, सगळे आपापल्या जॅकला पाव फेरा द्यायचे, हात वर करायचे. सगळे हात वर दिसल्याशिवाय दुसरी शिट्टी नाही. एका शिट्टीला घर दीड-दोन मिलिमीटर वर. डोळ्याला काहीच दिसत नाही. चार कोपऱ्यांना लावलेल्या लेव्हलच्या नळीत तेवढं पाणी हललेलं कळतं.

मामी रोज सकाळी देवघरात दिवा लावायला यायची. पहिल्या दिवशी तिनं ओट्यावर काठोकाठ भरून तांब्या ठेवला. संध्याकाळी घर आठ इंच वर होतं आणि ओटा कोरडा. ते बघितल्यावर तिची भीती गेली. माझी गेली नव्हती, कारण पोर्चकडं माझं लक्ष होतं. ते पुढं सांगतो.

हे पहिल्यांदा कुणी केलं?

नीट नोंद असलेलं जुनं काम इटलीतलं. बोलोन्या शहरात १४५५ मध्ये अरिस्तोतेले फिओरावांती यानं एक अख्खा दगडी मनोरा साधारण १३ मीटर सरकवला. हाच माणूस पुढं मॉस्कोला गेला आणि क्रेमलिनमधलं मोठं कॅथेड्रल त्यानंच बांधलं. १५८६ मध्ये रोममध्ये दोमेनिको फोंताना यानं तीनशे टनांहून जड इजिप्शियन दगडी स्तंभ सेंट पीटर चौकात आणून उभा केला. सुमारे ९०० माणसं दोर आणि चरख्यांवर होती. ती इमारत नव्हे, पण शेकडो हातांनी एका इशाऱ्यावर काम करायचं हे तंत्र तेच, शाहूपुरीतल्या शिट्टीचं.

शिकागो शहर उचललं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि कोल्हापूरकरांनी हा प्रसंग नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

शिकागो तळ्याकाठी, जवळपास पाण्याच्याच पातळीवर वसलेलं. निचरा नाही, रस्त्यांत चिखल, कॉलराच्या साथी. १८५० च्या दशकात एलिस चेसब्रो या इंजिनिअरनं गटारांची योजना आखली. जमीन इतकी सपाट की गटारं खणून खाली नेली तर उतारच मिळेना. म्हणून गटारं जमिनीवर घातली आणि त्यांवर भराव टाकून रस्तेच कित्येक फूट उंच केले. मग घरं खाली राहिली. म्हणून घरंही उचलली. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची दुकानांची सलग रांग, ३२० फूट लांब, वजन सुमारे ३५,००० टन, ६०० माणसांनी ६,००० जॅक फिरवून पाच दिवसांत ४ फूट ८ इंच वर घेतली. दुकानं चालू होती. पुढच्या वर्षी ट्रेमाँट हाउस हे विटांचं मोठं हॉटेल उचललं. या कामांत पैसा आणि नाव कमावलेला जॉर्ज पुलमन पुढं रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांसाठी जगभर गाजला. लाकडी घरं तर लोक रोलरवर घालून सरळ दुसऱ्या मोहल्ल्यात घेऊन जायचे.

आता आपल्या पेठांतून चालत जा. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, कुठंही. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढतो, जुना खरवडून काढत नाहीत. आजोबांच्या काळी तीन पायऱ्या चढून ज्या घरात जायचे, तिथं आज एक पायरी उतरून जावं लागतं. पहिल्या वळवाला गल्लीचं पाणी उंबऱ्यातून आत. शिकागोनं रस्ता वर घेतला तेव्हा घरं वर घेणं हाही त्याच कामाचा भाग मानला. आपण रस्ता तेवढा वर घेतो आणि घर त्या घरवाल्यावर सोडतो. माझ्याकडं येणाऱ्या चौकशांतल्या कितीतरी अशा घरांच्या असतात, पुराशी त्यांचा काही संबंध नसतो. रस्ता करताना जुना थर काढला असता तर त्यातल्या निम्म्या लोकांना घर उचलायचा विचारच करावा लागला नसता.

घरात माणसं असताना इमारत हलवता येते?

१९३० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला टेलिफोन कंपनीची आठ मजली, ११,००० टनांची इमारत हलवली. नव्या बांधकामाला जागा हवी होती आणि फोन तर बंद ठेवता येत नव्हते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात महिनाभर ती तासाला १५ इंच या गतीनं सरकवली, आणि शिवाय ९० अंशांत वळवली. आत सुमारे ६०० माणसं रोज कामावर. पाणी, गॅस, तारा सगळं लवचीक जोडणीवर ठेवलेलं. एवढं करून १९६३ मध्ये ती पाडलीच. मॉस्कोत १९३९ मध्ये नगर परिषदेची इमारत साडेतेरा मीटर मागं घेतली, ४१ मिनिटांत, आणि आत कचेरी चालू होती.

तरी तुम्ही राहू नका. त्या कामांमागं जी यंत्रणा होती ती आपल्या गल्लीतल्या कामामागं नसते. महिना-दीड महिना भाड्याची खोली घ्या. गॅसची टाकी बाहेर काढा, मीटरपासून लाइट तोडून घ्या, छतावरची पाण्याची टाकी रिकामी करा.

शहरांनी हा खटाटोप का केला? पाडून नवीन बांधणं स्वस्त नव्हतं का?

प्रत्येक शहराचं कारण वेगळं. मॉस्कोला १९३० च्या दशकात गोर्की स्ट्रीट रुंद करायचा होता. इंजिनिअर एमान्युएल हान्डेल यांच्या टोळीनं रस्त्यात येणाऱ्या इमारती मागं घेतल्या. त्यातली साव्विन्स्कोए ही जुनी देखणी इमारत २३,००० टनांची. ती आज मोठ्या इमारतीच्या मागं, आतल्या अंगणात लपलेली आहे. बुखारेस्टला हुकूमशहा चाउसेस्कूच्या राजवटीनं जुना भाग सपाट करायला घेतला. योर्डाकेस्कूंनी डझनाच्या आसपास चर्चं सरकवून वाचवली, एक तर जवळपास २९० मीटर लांब. तीही आता फ्लॅटच्या उंच रांगांमागं आहेत. वाचली हे खरं, पण शहराच्या नजरेआड गेली.

चेकोस्लोव्हाकियात मोस्त गावाखाली कोळसा सापडला, गाव गेलं, पण १९७५ मध्ये जुनं दगडी चर्च ५३ गाड्यांवर घालून ८४१ मीटर नेलं, मिनिटाला दोन-तीन सेंटिमीटर. झुरिकच्या ओर्लिकॉन भागात २०१२ मध्ये रेल्वेला नवे रूळ टाकायचे होते, तर कारखान्याची ८० मीटर लांबीची कचेरी ६० मीटर बाजूला सरकवली. शांघायमध्ये २०२० ला एका जुन्या शाळेच्या इमारतीला १९८ यांत्रिक पाय लावले आणि ते पाय आळीपाळीनं उचलत ती १८ दिवसांत ६२ मीटर चालवली.

आणि अगदी अलीकडं, ऑगस्ट २०२५ मध्ये, स्वीडनच्या किरुनात १९१२ चं लाकडी चर्च दोन दिवसांत पाच किलोमीटर नेलं. खालच्या लोखंडाच्या खाणीमुळं शहराचा तो भाग हलवावाच लागतोय. वजन ६७२ टन. चर्चला जाता यावं म्हणून आधी रस्ताच रुंद करून घेतला. मला या प्रसंगात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं रस्ता रुंद करायचा म्हणजे इमारत जाणार, असंच समीकरण आहे.

भारतात असं काही झालंय?

घर उचलणं आता बऱ्याच राज्यांत चालतं. केरळात २०१८ च्या पुरानंतर खूप लोकांनी घरं उचलून घेतली. सरकवण्याचं गाजलेलं उदाहरण पंजाबचं: २०२२ मध्ये संगरूर जिल्ह्यात एका शेतकऱ्यानं महामार्गाच्या वाटेत आलेलं आपलं दुमजली घर पाडू न देता ५०० फूट मागं सरकवायला घेतलं. आणि उकलून उभारण्याचं मोठं काम म्हणजे नागार्जुनकोंडा. नागार्जुनसागर धरणाचं पाणी चढायच्या आत तिथले बौद्ध अवशेष टेकडीवर आणि काठावरच्या अनुपूला नेऊन पुन्हा मांडले.

आपल्या भागात पूर्वी लोक काय करत?

आपल्याकडं घराचा सांगाडा हलायचा. वाड्याचं माप खणात, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात. खांब, तुळया, कडीपाट हे सगळं सागवानी, खाचेत बसवलेलं. भिंत पडली तरी सांगाडा उभा. म्हणून वाटण्या झाल्या की खण वाटले जायचे, आणि उतरवलेलं लाकूड दुसऱ्या घराला लागायचं. आजही एखाद्या नव्या बंगल्यात जुन्या वाड्याचा कोरीव खांब दिसतो.

पुराच्या बाबतीत माणसं हलली. प्रयाग चिखलीच्या लोकांना सोनतळीला जागा मिळाल्या, पण जुन्या गावाची ओढ सुटली नाही. नृसिंहवाडीला तर देवाचीच रीत ठरलेली आहे: कृष्णेचं पाणी मंदिरात शिरलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, आणि पाणी उतरलं की परत आणतात. देऊळ जागेवर राहतं, पाणी त्यातून वाहून जातं. मंदिर असं दगडी आणि उघडं बांधलेलं आहे म्हणून ते शक्य आहे. आपली गिलाव्याची घरं आठ दिवस पाण्यात उभी राहिली की काय होतं ते आपण दोनदा बघितलंय.

पेठेतला जुना वाडा सरकवता येईल का?

शक्यता फार कमी. दोन कारणं. पहिलं भिंतीचं. जुनी दोन-अडीच फुटी भिंत बाहेरून घडीव दगडाची दिसते, पण ती अख्खी दगडी नसते. दोन बाजूंना दगड आणि मधे माती-खडीची भर. बुडाशी फोडून चॅनेल घालायला गेलं की भर घरंगळते. तिला आधी चुन्याचं किंवा सिमेंटचं पातळ कालवण पाजून घट्ट करावं लागतं. दुसरं कारण गल्ल्यांचं: शेजारच्या घराशी सामाईक भिंत, वर तारा, खाली गटार. सरकवणार कुठं?

पण पुढची पडवी तेवढी रुंदीकरणात जात असेल आणि मागं परसू मोकळं असेल, तर आठ-दहा फूट मागं घेण्याचा प्रश्न एखाद्या जाणत्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला जरूर विचारा. विचारायचं ते नोटीस आल्या आल्या. जेसीबी दारात आल्यावर नाही.

पुरासाठी घर किती उचलावं?

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली. पण बंधाऱ्यावरचे आकडे तुमच्या उंबऱ्याचे नव्हेत. सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्क, बावडा, प्रत्येक ठिकाणी पाणी वेगळं चढतं. तुमच्या भिंतीवरची २०२१ ची ओल कुठवर होती ते मोजा, आणि जोतं त्याच्या वर निदान फूटभर जाईल असं धरा.

ते अंतर सात-आठ फूट निघत असेल तर मी उचलू नका म्हणतो. खाली पोकळी, वर घर, म्हातारी माणसं जिन्यानं चढणार, आणि पूर आला की रस्ता बंद, नळ कोरडे. दोन्ही पुरांत उपसा केंद्रं बुडाली होती. उंच घरात कोरड्या पायांनी अडकून बसणं म्हणजे सुटका नव्हे. तीन-चार फुटांचा प्रश्न असेल तर मात्र काम सार्थकी लागतं. उचलल्यावर खाली भिंती बांधून मुरूम भरा, पाणी मारून ठोकून बसवा. काळ्या मातीची भर अजिबात नको, ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते.

मामाच्या घरात काय बिघडलं?

पोर्च. घर झाल्यावर दहा वर्षांनी जोडलेला, स्वतःच्या दोन कॉलमवर उभा. ठेकेदार म्हणाला, तो आपल्या मापात नाही, खालीच राहू दे. राहू दे हे ठीक होतं, पण त्याच्या स्लॅबच्या सळया हॉलच्या भिंतीत अडकवलेल्या होत्या आणि त्या आधी कापायला हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी घर आणखी वर निघालं, पोर्चनं मागं ओढलं, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरकी भेग गेली. काम थांबवलं, ग्राइंडरनं सळया कापल्या, मग पुढं उचललं. भेग शिवून घेतली, पोर्च पाडावा लागला.

त्यामुळं कुणी विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगतो: मागून जोडलेलं काय काय आहे त्याची यादी करा. पोर्च, बाहेरचा जिना, कंपाउंडची भिंत, शेजाऱ्याच्या भिंतीत घुसवलेली पन्हळ. प्रत्येकाचं ठरवा, चौकटीवर घ्यायचं की तोडायचं.

परवानगी लागते का? ठेकेदाराला काय विचारावं?

महापालिकेच्या नगररचना विभागात आधी लेखी विचारा, आणि घर निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नकाशावर आखलेल्या पुराच्या हद्दीच्या, आत आहे का तेही बघा. स्ट्रक्चरल इंजिनिअर तुमचा हवा, ठेकेदारानं आणलेला नको. दर बहुतेक चौरस फुटावर आणि ठरावीक उंचीपर्यंत सांगतात. पुढच्या प्रत्येक फुटाला वेगळे पैसे. त्यात खालची भिंत, भराव, फरशी, ड्रेनेजची जोडणी धरली आहे का ते लिहून घ्या. भेग पडली तर कोण भरणार, तेही. आणि ठेकेदारानं याआधी उचललेलं एक घर, दोन पावसाळे उलटलेलं, स्वतः जाऊन बघा.

तुळशीवृंदावन, विहीर, झाड?

वृंदावन वेगळं उचलतात, सोपं आहे. विहीर राहते तिथंच, कठडा वाढवून घ्या. आंब्याच्या मुळ्या पायात गेल्या असतील तर इंजिनिअरला आधी दाखवा.

पुराच्या खुणा भिंतीवर आहेत, त्यांचं काय?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. मामाच्या हॉलच्या भिंतीवर २०१९ आणि २०२१ च्या रेघा होत्या, मामीनं तारखेसकट ऑइलपेंटनं काढलेल्या. घराबरोबर त्याही साडेचार फूट वर गेल्या. आता नवीन माणूस बघतो आणि म्हणतो, बापरे, एवढं पाणी आलं होतं? उचलायच्या आदल्या दिवशी आम्ही लेव्हलच्या नळीनं त्या दोन्ही रेघा समोरच्या विजेच्या खांबावर उतरवून घेतल्या होत्या. खऱ्या खुणा आता तिथं आहेत, आणि गल्लीतली बाकीची घरंही त्यावरूनच आपली मापं काढतात.